मीठ की माड?

आपल्या गावाचं नाव कशावरून पडलं, हे तुम्ही कधी घरी विचारलंय का? आमच्या वर्गात मालवणचा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. मिठाचा तट म्हणतो, इथं पूर्वी मिठागरं होती, म्हणून 'महालवण', त्याचंच झालं मालवण. माडाचा तट म्हणतो, छे! माडांचं वन ते 'माडवन', त्याचं मालवण! हे भांडण मोठ्या माणसांतही मिटलेलं नाही बरं का.

आता वहीत नकाशा काढा. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला कोळंबची खाडी, दक्षिणेला तारकर्ली-देवबाग आणि कर्ली नदीचं मुख. बंदराच्या तोंडाशी खडकच खडक! त्यांतल्याच कुरटे बेटावर शिवरायांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला. जवळच पद्मगड, किनाऱ्यावर राजकोट, उत्तरेला सर्जेकोट. एवढ्याशा गावाला एवढे पहारेकरी कशाला? कारण हे बंदर सगळ्यांनाच हवं होतं.

१७६५ साली इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्याचं नाव ठेवलं 'फोर्ट ऑगस्टस'. दुसऱ्याच वर्षी तह झाला आणि किल्ला कोल्हापूरकरांकडे परत आला. १८१२ साली मालवण पुन्हा इंग्रजांकडे गेलं. पण ते 'ऑगस्टस' आज कुणाच्या तोंडी आहे का? उलट १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून नवा जिल्हा निघाला, तेव्हा त्याला किल्ल्याचंच नाव मिळालं, सिंधुदुर्ग!

म्हणजे लोकांच्या तोंडी असतं, तेच नाव टिकतं. किनाऱ्यावरचा 'मोरयाचा धोंडा' बघा. गडाच्या पायाभरणीची पूजा तिथं झाली असं सांगतात, म्हणून एका खडकालाही नाव! असंच नाव एखाद्या पाणंदीला असतं, माडाच्या बागेला असतं. ती सगळी काही नकाशात सापडत नाहीत. ज्यांना ती ठाऊक आहेत, ते आजी-आजोबा आता थकलेत. आणि आपण पत्ता सांगतो तो हॉटेलच्या पाटीवरून!

म्हणून एक काम करा. येत्या रविवारी वही घेऊन आजीजवळ बसा आणि विचारा, "आजये, ह्या जाग्याक काय म्हणतत?" दहा तरी नावं लिहून काढा. त्यांतलं एखादं बाबांनाही माहीत नसेल. मग ते बाबांना तुम्हीच सांगा!