चोवीस शब्दांची ठेव

संविधान चौकांतून जातांना रिझर्व्ह बँकेच्या इमारतीकडे मान वळवून पाहिल्याशिवाय मला पुढें जाववत नाहीं. देशाचें जें सोनें देशांत ठेवलेलें आहे त्याचा कांहीं भाग मुंबईस आणि कांहीं आमच्या नागपुरास असतो, असें वर्तमानपत्रांत वाचल्यापासून ही संवय जडली आहे. त्यांतलें गुंजभर सोनेंहि माझें नव्हे. पण शेजारघरीं लग्न निघालें म्हणजे आपणहि उगाच नटतों, त्यांतलाच हा प्रकार! २०२५ च्या मार्चअखेर बँकेपाशीं सुमारें ८८० टन सोनें होतें व त्यांपैकीं सुमारें ५१२ टन देशांत होतें. उरलेलें बहुतेक परदेशी पेढ्यांच्या तिजोऱ्यांत. पदरीं पहारेकरी आणि पोलादी दारें असतांहि जिला सगळें सोनें एके जागीं ठेवावेंसें वाटत नाहीं, ती बँक फार शहाणी असली पाहिजे.

माझ्या भाच्यानें जी संपत्ति जमविली आहे, तिला मात्र पोलादी दाराचा कांहींच उपयोग नाहीं. तो मिहानमधील एका कंपनींत नोकरीला आहे. गेलीं पांचसहा वर्षें पगारांतून थोडेथोडे पैसे बाजूस काढून त्यानें बिटकॉइन घेतलें. त्याच्या मुलीचें शिक्षण त्यावर व्हावें, एवढी ती पुंजी आतां झाली आहे. मीं सारा जन्म एका पतपेढीचे हिशेब तपासण्यांत घालविला. तेव्हां ठेवींसंबंधीं शंका आली कीं आप्तमंडळी माझ्याकडे येतात. एका रविवारीं धरमपेठेंत माझ्या घरीं येऊन त्यानें विचारलें, “मामा, हें ठेवूं कुठें?”

प्रश्न साधा दिसतो, पण त्यांतली गोम पुढें आहे. बिटकॉइन ही वस्तु भाच्याच्या घरांत नाहीं, मोबाइलांत नाहीं आणि ज्या चिमुकल्या यंत्राला ‘वॉलेट’ म्हणतात त्यांतहि नाहीं. जगभरच्या हजारों संगणकांवर एकच खतावणी लिहिलेली असते आणि अमक्या खात्यावर अमुक नाणीं आहेत, एवढीच नोंद तींत असते. ती नोंद हलविण्याचा अधिकार ज्या गुप्त अंकाला, तीच किल्ली. हा अंक लक्षांत ठेवणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें. म्हणून २०४८ साध्या शब्दांच्या ठराविक यादींतून यंत्र बारा किंवा चोवीस शब्द निवडून देतें. ते शब्द त्याच क्रमानें ज्याच्या हातीं पडतील, तो जगाच्या पाठीवर कोठेंहि बसून ती पुंजी उचलूं शकतो. आणि ते हरवले, यंत्रहि बिघडलें, कीं नोंद तशीच राहते. मालकालासुद्धां तिला हात लावतां येत नाहीं. वेल्समधील न्यूपोर्ट येथें २०१३ मध्यें एका गृहस्थाच्या घरून संगणकाची एक जुनी तबकडी कचऱ्यांत गेली. तिच्यांत हजारों बिटकॉइनांची किल्ली होती, आणि ती मिळावी म्हणून तो पुढें कित्येक वर्षें नगरपालिकेशीं भांडत राहिला.

“मग बाजारवाल्यांकडेच राहूं दे,” असें मीं प्रथम म्हटलें. जेथें नाणीं विकत घेतलीं त्याच कंपनीच्या खात्यावर तीं ठेवणें, हा बहुतेकांचा मार्ग. त्यांत शब्द सांभाळावे लागत नाहींत. पण त्यांत किल्ली आपली नसते, असतें केवळ आश्वासन. भाच्यानें वझीरएक्सची आठवण दिली. १८ जुलै २०२४ रोजीं या मुंबईच्या बाजारांतून सुमारें २३ कोटि डॉलरांची नाणीं चोरीस गेलीं. ज्या खात्यांतून तीं गेलीं, त्याला एकाची सही पुरत नसे. चौघांच्या सह्या लागत. परंतु सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसला एक व्यवहार आणि सह्या पडल्या दुसऱ्यावर, असें कंपनीनें सांगितलें. लाखों लोकांचे पैसे अडकले. सिंगापूरच्या न्यायालयाच्या मंजुरीनंतर ऑक्टोबर २०२५ मध्यें व्यवहार पुन्हा सुरू होईपर्यंत पंधरा महिने लोटले. त्याच महिन्यांत मद्रास उच्च न्यायालयानें अशीं नाणीं ही मालमत्ताच होय, असा निर्वाळा दिला. हें योग्यच झालें. तथापि बँकेंतील ठेवीला जें पांच लाखांचें विमासंरक्षण मिळतें, तें येथें नाहीं.

“म्हणून तर मी किल्ली स्वतःजवळ ठेवणार,” भाचा म्हणाला, “आणि कुणाला म्हणजे कुणालाच सांगणार नाहीं. बायकोलासुद्धां नाहीं!”

हें ऐकतांच मला महालांतलें आमचें जुनें घर आठवलें. माझे एक चुलतआजोबा अत्यंत सावध म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनीं रोकड व दागिने घरांतच कोठेंतरी पुरून ठेवले आणि ती जागा ना पत्नीला सांगितली, ना मुलाला. एके पहांटे त्यांना पक्षघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवा हात लुळा पडला. दोन दिवस ते डाव्या हाताचें बोट भिंतीकडे दाखवीत होते. घरच्यांनीं ती भिंत खणली, चूल उकरली, तुळशीवृंदावनहि हलविलें. तिसऱ्या दिवशीं ते गेले. पुढें तो वाडा विकला, पाडला, नवी इमारत उठली. सापडलें कांहींच नाहीं. आजी मात्र शेवटपर्यंत म्हणे, “ते दागिने मागत नव्हते हो, मला सांगूं पाहत होते.” मला त्या बोटाचें जेवढें दुःख होतें, तेवढें दागिन्यांचें होत नाहीं.

चोराची भीति आणि विस्मृतीची भीति यांचें एकमेकींशीं पटत नाहीं, हीच खरी अडचण आहे. चोर टाळावा म्हणून गुपित आंवळावें, तर तें आपल्याबरोबर सरणावर जातें. विसर टाळावा म्हणून चार ठिकाणीं लिहावें, तर चोराला चार दारें उघडीं. कॅनडांतील क्वाड्रिगा नांवाच्या बाजाराचा तरुण चालक डिसेंबर २०१८ मध्यें आपल्या जयपुरांत वारला, आणि सगळ्या किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या असें ठेवीदारांना सांगण्यांत आलें. पुढें २०२० मध्यें ऑन्टेरिओच्या सरकारी नियामकांनीं चौकशी करून पैसा मुख्यतः त्याच्या लबाडीनेंच बुडाल्याचें जाहीर केलें. मेला म्हणून नाहींसे झाले कीं त्याआधींच नाहींसे झाले होते, हें त्याच्या हयातींत कोणालाच कळलें नाहीं. कारण कपाटांत डोकावणारा दुसरा मनुष्यच नव्हता. उलट, दुसरा मनुष्य म्हणजे कोणीहि चालतो असेंहि नाहीं. एका मोठ्या बिटकॉइन-प्रकरणाच्या तपासांत मदतीला घेतलेल्या दोघां तज्ज्ञांनींच जप्त खात्यांतलीं नाणीं वळविलीं, असा आरोप ठेवून पुणें पोलिसांनीं मार्च २०२२ मध्यें त्यांना अटक केली होती!

शेवटीं आमचें जें ठरलें तें असें. रोजच्या खरेदी-विक्रीपुरती अल्पशी रक्कम बाजाराच्या खात्यावर असावी. बाकीची इंटरनेटपासून अलिप्त राहणाऱ्या यंत्राच्या किल्लीखालीं जावी. तें यंत्रहि कंपनीकडूनच नवें घ्यावें, कोणाचें वापरलेलें घेऊं नये. शब्द हातानें लिहावे. त्यांचा फोटो काढूं नये, ते मोबाइलांत किंवा ई-मेलांत ठेवूं नयेत आणि कितीहि गोड बोलून कोणी विचारलें तरी सांगूं नयेत. एक प्रत घरीं व दुसरी बँकेच्या लॉकरांत असावी. रक्कम हलविण्यापूर्वीं अगदीं थोडे पैसे घालून यंत्र कोरें करावें आणि लिहिलेल्या शब्दांवरून तें पुन्हा उभें राहतें कीं नाहीं, हें पाहावें.

एका गोष्टीवर मात्र आमचें जुंपलें. दुसरी प्रत पाकिटांत बंद करून मीं ठेवावी, असा त्याचा आग्रह. मीं नकार दिला. माझें वय सत्तरीपुढचें. शिवाय ज्या मुलीसाठीं ही पुंजी आहे तिच्या आईला वगळून ती मामाच्या कपाटांत कां राहावी? बँकेच्या खात्याला आपण वारस नेमतों. या खतावणीला वारस ठाऊक नाहीं, नातें ठाऊक नाहीं. मृत्यूचा दाखला दाखवायला तेथें खिडकीहि नाहीं. तेव्हां जो वारस नेमायचा तो जिवंतपणींच, शिकवून, नेमला पाहिजे. “तिला यांतलें कांहीं कळत नाहीं,” तो म्हणाला. “चुलतआजोबाहि हेंच म्हणत,” मीं सांगितलें.

तो बराच वेळ गप्प बसला. पुढच्या रविवारीं दोघेंहि आलीं. यंत्र कोरें करून तिच्यासमोर ठेवलें आणि शब्दांचा कागद तिच्या हातीं दिला. ती एकेक शब्द भरूं लागली. सतराव्या शब्दाशीं ती थांबली, कागद उजेडाकडे धरला, पुन्हा जवळ घेतला आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, “हें काय लिहिलंय हो तुम्ही?”

त्यानें कागद घेतला, वाचून दाखविला, आणि कांहीं न बोलतां नव्या कागदावर चोवीसहि शब्द सुवाच्य अक्षरांत पुन्हा लिहावयास बसला.