बाई चुकल्या!

मुलांनो, बाईंना सगळं येतं असं तुम्हाला वाटतं ना? मग ही गोष्ट ऐकाच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या चौथीतली तीन-चार मुलं तापाने पडली. आरोग्य सेवकांनी मुलांच्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं. त्या दिवशी मी फळ्यावर हिवतापाच्या जंतूचं चित्र काढत होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, ''बाई, जंतूंमध्येपण मुलगा-मुलगी असतात?'' सगळा वर्ग खो-खो हसला. मीही हसले. म्हटलं, ''काहीतरीच विचारतोस! बस खाली.'' तो बसला. त्यानंतर त्याचा हात कधी वर आला नाही.

पुढे मलाच हुडहुडी भरून ताप आला. प्रयोगशाळेतल्या दादांनी सूक्ष्मदर्शकातून माझंच रक्त मला दाखवलं. ''ही निळसर दिसते ती मादी आणि हा फिकट गुलाबी, तो नर.'' मी चपापलेच!

बरी झाल्यावर पुस्तकं काढून बसले. १८९७ साली मॅक्कॅलम या तरुण संशोधकाने पक्ष्यांच्या रक्तातल्या हिवतापासारख्या जंतूंमध्ये नर-मादीचं मीलन प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्याच वर्षी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. हे नर-मादी तयार होतात आपल्या रक्तात, पण त्यांची जोडी जमते डासाच्या पोटात!

खरी गंमत हिशेबाची आहे. एका नरापासून आठपर्यंत नरपेशी होतात, एका मादीपासून मात्र एकच मादीपेशी. मग खूप नर हवेत कशाला? म्हणून बहुधा माद्या जास्त आणि नर थोडे असतात. पण त्याच रक्तात दुसऱ्या वाणाचे जंतू शिरले, तर नरांमध्ये चढाओढ लागते. अशा वेळी जंतू नरांचं प्रमाण वाढवतात, असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं. ते संशोधन २००८ साली प्रसिद्ध झालं. डोळ्यांना न दिसणारा जीव, पण हिशेब केवढा पक्का!

दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सगळ्यांसमोर म्हटलं, ''त्या दिवशी बाई चुकल्या. प्रश्न बरोबर होता, हसणं चूक होतं.'' मग फळ्यावर एक नर, त्याच्याभोवती चार-पाच माद्या असं चित्र काढलं.

वर्ग चिडीचूप. मागच्या बाकावरचा हात हळूच वर आला.

''बाई, अजून एक विचारू?''

या वेळी कुणीच हसलं नाही.