शिवणीतली माया

सिंतग्मा चौकात मेट्रोतून वर आले, तेव्हा ऑगस्टचं ऊन डोक्यावर होतं. अथेन्सला आलेला माणूस आधी अॅक्रोपोलिस गाठतो. मी मित्रोपोलेओस रस्त्यावर ४४ नंबरची इमारत शोधत निघाले. ऑपेरा गायिका मारिया कॅलासचं म्युझियम इथे ऑक्टोबर २०२३मध्ये, तिच्या जन्मशताब्दीच्या तोंडावर उघडलं. २००० साली पॅरिसच्या लिलावात अथेन्स महापालिकेनं तिच्या काही वस्तू घेतल्या, तिथून या संग्रहाची सुरुवात.

आत गारवा, मंद उजेड आणि तिचा आवाज. पत्रं, फोटो, हातमोजे पाहत काचेआडच्या पोशाखापाशी आले आणि पाय थबकले. आई घरी ब्लाउज शिवायची. कापडाला कात्री लावताना म्हणायची, "शिवणीत माया ठेव, माणूस तेवढाच राहत नाही." त्या बारीक कंबरेच्या गाउनमध्ये मी ती माया, शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, शोधत होते.

कॅलास तर खरंच तेवढी राहिली नव्हती. १९५३-५४मध्ये तिचं वजन तीस किलोंहून अधिक उतरलं. मग मिलानची फॅशन डिझायनर बिकी हिनं तिला नव्यानं नटवलं. ही बिकी म्हणजे संगीतकार पुच्चिनीची सावत्र नात. कोणत्या पोशाखावर कोणते हातमोजे, कोणती पर्स, याची टिपणंही कॅलासला तयार मिळत, असं सांगतात. पण ऑपेरात माइक नसतो. अख्ख्या वाद्यवृंदावरून आवाज पोचवायचा, तर श्वास घेताना बरगड्या फुलणार. मैफलीचा गाउन कितीही अंगाबरोबर बसवला, तरी शिंप्याला त्या श्वासाचंही माप घ्यावंच लागतं.

आणि पुच्चिनीच्या संगीताशी तिची गाठ बिकी भेटण्याआधीच पडली होती, याच शहरात. जर्मन-इटालियन ताब्यातल्या अथेन्समध्ये १९४१-४२च्या हिवाळ्यात माणसं उपासमारीनं मेली. त्यानंतरच्या ऑगस्टमध्ये इथल्या उघड्या रंगमंचावर अठरा वर्षांची मारिया पुच्चिनीची 'तोस्का' झाली. १९६५मध्ये लंडनला तिनं ऑपेराच्या रंगमंचाचा निरोप घेतला, तोही तोस्का म्हणूनच.

उन्हं कलल्यावर अॅक्रोपोलिसच्या उतारावरून हेरोदेस अॅटिकसचं थिएटर पाहिलं. दुसऱ्या शतकातलं हे दगडी थिएटर; जवळजवळ पाच हजार माणसं बसतात. १९४४मध्ये ती इथे 'फिदेलिओ'त गायली आणि १९५७मध्ये जगप्रसिद्ध होऊन मैफलीसाठी परतली.

रात्री आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "माया होती का गं?"

"उलटा करून पाहिल्याशिवाय कसं कळणार?"

अथेन्सला गेलात तर आधी म्युझियम पाहा, मग हे थिएटर. गाउन हातभर अंतरावरून दिसतो. त्यातल्या बाईला किती लांब पोचायचं होतं, ते या पायऱ्या पाहून कळतं.