मृगया ते मातीची तबकडी

नालासोपारा पूर्वेच्या तुळिंजमधून रेल्वेचे रूळ ओलांडून पश्चिमेस गेले की प्राचीन शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे लागते. व्यापाऱ्यांच्या या जुन्या बंदरात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेस निघत; अशोकाने तिच्या जागी धर्मयात्रा आरंभली, हा त्या लेखाचा आशय.

नेमबाजीच्या खेळातही कालांतराने असाच पालट झाला. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये जिवंत कबुतरांवर नेम धरला गेला आणि सुमारे ३०० पक्षी प्राणास मुकले. ऑलिंपिकमध्ये तो प्रकार पुन्हा झाला नाही. जिवंत पक्ष्याला पर्याय मात्र १८८० मध्येच अमेरिकेत जॉर्ज लिगोव्स्की यांनी मातीच्या तबकडीच्या रूपाने दिला होता. आज ती डांबर व चुनखडीची असते. व्यास ११० मिलिमीटर, वजन सुमारे १०५ ग्रॅम. यंत्र ती हवेत भिरकावते; छऱ्याने तुकडा उडाला की गुण मिळतो. याच खेळात बिकानेरचे महाराजा कर्णी सिंह यांनी १९६२ मध्ये कैरो येथे जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक मिळवले.

अशोकाचा तो शिलाखंड आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. सुट्टीत मुलांना तो अवश्य दाखवावा.