अंश आणि छेद

जाड माणसानं जिममधल्या पुलअपच्या दांड्याकडे नुसतं पाहिलं तरी कुणीतरी येऊन सांगतं, ‘सर, आधी वजन कमी करा, मग याचं बघू.’ माझी उंची पाच फूट नऊ इंच, वजन ९२ किलो. हे वाक्य मी पुण्यातल्या तीन वेगवेगळ्या जिममध्ये ऐकलंय. सांगणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. शिवाय ते अर्धं खरं आहे, म्हणून तर इतकं चिवट आहे.

खरं किती, ते आधी बघू. स्नायूची ताकद ढोबळमानाने त्याच्या जाडीवर, म्हणजे तो आडवा कापला तर दिसेल त्या क्षेत्रफळावर ठरते. वजन ठरतं घनफळावर. एखादी गोष्ट सगळ्या बाजूंनी सारखी मोठी केली की क्षेत्रफळ वर्गाने वाढतं आणि घनफळ घनाने. मोठ्या प्राण्यांच्या हाडांबद्दल गॅलिलिओने १६३८ सालीच हा मुद्दा मांडून ठेवलाय. याच हिशेबाने ६० किलोच्या माणसाला त्याच ठेवणीत ९० किलोचा केला, तर वजन दीडपट होतं, ताकद मात्र १.३१ पटच. म्हणजे दर किलोमागची ताकद साधारण १३ टक्क्यांनी घटली. यात जास्तीची चरबी धरलेलीच नाही. दांड्याला लटकताना पोटावरची चरबी म्हणजे निव्वळ सामान, पाठीवर सॅक घेतल्यासारखं.

वेटलिफ्टिंगमध्ये हे लख्ख दिसतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या नइम सुलेमानोग्लूने ६० किलो गटात क्लीन अँड जर्कला १९० किलो उचलले, स्वतःच्या तिपटीहून जास्त. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ मध्ये २६७ किलो उचलले. त्याचं स्वतःचं वजन १७० किलोच्या वर, म्हणजे दुप्पटही नाही. मग ताकदवान कोण? ट्रकमधून सिमेंटची पोती उतरवायची असतील तर मी लाशाला बोलावेन. दोरावर चढायचं असेल तर नइमला.

म्हणजे वजनामुळे ताकदीला मर्यादा पडत नाही. मर्यादा पडते ती स्वतःलाच उचलण्याच्या कामाला. या दोन गोष्टी आपण सर्रास एक करतो. शाळेत दोरावर चढता न येणाऱ्या जाड पोराला सगळे ‘कमजोर’ म्हणतात; तेच पोर वर्गातलं लोखंडी कपाट एकट्यानं सरकवतं, ते कुणी मोजत नाही.

घरी एकदा वजनकाटा जमिनीवर ठेवून, त्यावर दोन्ही तळवे टेकवून मी पुशअपची पोझिशन घेतली. काटा ६२ वर थांबला. माझ्या ६१ किलोच्या रूममेटसाठी तो ४१ वर थांबला. म्हणजे दोघांनाही आपापल्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग ढकलावा लागतो, फक्त माझा दोन तृतीयांश एकवीस किलोंनी जड आहे. तो तीस मारतो, मी अठरा. आता हरलं कोण, ते तुम्हीच ठरवा. (तो म्हणतो, मी.)

आपल्या तालमींत हा घोळ नाही. शंभर किलोच्या वरचे पैलवान जोर मारतात, बैठका काढतात, दोरही चढतात. ‘आधी वजन कमी कर, मग जोर मार’ असं वस्ताद कुणाला म्हणत नाही. उलट खुराक वाढवतो. त्या वजनात स्नायू भरपूर असतात आणि मेहनत लहानपणापासूनची असते, हे मान्यच. माझ्या वजनात बिर्याणी आणि नाइट शिफ्ट आहे. पण क्रम बघा. तिथे मेहनतीला वजनाची पात्रता परीक्षा नाही.

पुलअप हा खरं तर एक अपूर्णांक आहे. वर अंश म्हणजे ताकद, खाली छेद म्हणजे वजन. सगळे फक्त छेदाबद्दल बोलतात. छेद बारा किलोंनी कमी करायचा तर शिस्तीत राहूनही कित्येक महिने जातात. अंश मात्र पहिल्या काही आठवड्यांतच हलतो, स्नायू फुगायच्याही आधी, कारण आहेत तेच स्नायूतंतू एकदम कामाला लावायला मज्जासंस्था शिकते. आणि व्यायाम न करता नुसतं खाणं तोडलं तर चरबीबरोबर स्नायूही जातो. छेदासोबत अंशही घसरतो. बारीक झालेला माणूस दांड्याला तसाच लटकलेला.

शिवाय स्नायू जितकं वजन वर नेऊ शकतो, त्याहून जास्त वजन तो सावकाश खाली आणू शकतो. म्हणून स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची, पाय सोडायचे आणि पाच आकडे मोजत खाली यायचं. असे तीन-चार, आठवड्यातून तीनदा. जड माणसानं इथे घाई करू नये; कोपराचे कंडरे स्नायूंपेक्षा हळू तयार होतात. पहिला पुलअप मला ९० किलोला आला. आज चार येतात. ७५ किलोला कदाचित दहा आले असते. असोत.

पुलअप आला नाही म्हणून कुणाचं काही अडत नाही. पण जमिनीवरून उठणं हाही स्वतःचं वजन उचलण्याचाच व्यायाम आहे. माझी आई ५७ वर्षांची, वजन ७८. गुडघे दुखायला लागल्यापासून तिनं खाली बसणं सोडलं. शुक्रवारच्या भजनाला जायची, तेही सोडलं, कारण सगळ्याजणींसमोर दाराची चौकट धरून उठायची लाज वाटते. डॉक्टर म्हणाले, दहा किलो कमी करा. तेच वाक्य, पांढऱ्या कोटात. दोन वर्षं ती रात्री एकच भाकरी खाऊन वाट बघत राहिली.

मग एका फिजिओने तिला खुर्चीवरून हात न लावता उठायला लावलं. सुरुवातीला बसायला दोन उशा घालून, मग एक, मग नुसती खुर्ची, मग मोरीतलं प्लॅस्टिकचं स्टूल. सावकाश बसायचं, पटकन आदळायचं नाही. ‘मला काय तालमीत घालतोस का रे?’ असं ती व्हिडिओ कॉलवर रोज विचारायची आणि रोज दहा करायची. पुढे एक गुडघा टेकून उठणं शिकली.

पाच महिन्यांनी वजन ७६ आहे. डॉक्टरांच्या हिशेबात ती अजून आठ किलो नापास. परवा घरी गेलो तर म्हणाली, ‘माळ्यावरचा पाट तेवढा खाली काढून दे.’