पाण्याची ओढ

वडील डोल लावीत असत. खाडीच्या तळात रोवलेल्या खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे मासळीचा पाठलाग कधीच करीत नाही. पाण्याच्या ओढीसमोर तोंड उघडून ते स्थिर राहते आणि भरती-ओहोटीचा जोर मासळीला आपण होऊन त्यात आणून सोडतो. म्हणून डोल लावणाऱ्याचे कसब बाहूंच्या बळापेक्षा पाणी कोणत्या घटकेला फिरेल हे आधी ओळखण्यात असते. आमच्या दिवाळे गावच्या धक्क्यावरून वडिलांबरोबर होडी लोटता लोटता हे ज्ञान माझ्या अंगात नकळत मुरले, आणि पुढे मुंबईच्या एका कचेरीच्या फुटबॉल संघात मधल्या फळीतला बचावपटू म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा, वेग बेताचाच असूनही, मी टिकलो तो त्याच पुंजीवर. चेंडू जेथे आहे तेथे धावणारे पुष्कळ होते. तो जेथे येणार तेथे आधी जाऊन उभे राहणे हे माझे काम.

याच जागेवर खेळणारे खालिद जमील मी त्या काळी कूपरेजच्या मैदानावर डोळे भरून पाहिले आहेत. एअर इंडिया, महिंद्र युनायटेड आणि मुंबई एफ. सी. या संघांतून खेळलेल्या या खेळाडूची कारकीर्द दुखापतींनी अकाली संपविली आणि २००९ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मुंबई एफ. सी.च्या प्रशिक्षणाचा भार त्यांच्यावर आला. पुढे जो ऐझॉल संघ आदल्याच मोसमात आय-लीगमधून खाली घसरला होता आणि नंतर पुन्हा सामावून घेतला गेला होता, त्याच संघाला त्यांनी २०१७ साली त्या स्पर्धेचे विजेतेपद मिळवून दिले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर भारतीय संघाची सूत्रेच त्यांच्या हाती आली. मला याचे नवल वाटले नाही, कारण मधल्या फळीत उभा राहणारा माणूस खेळत असतानाच सगळा सामना वाचीत असतो.

परंतु स्वतः वाचणे वेगळे आणि दुसऱ्याला वाचायला शिकविणे वेगळे, हे मला गुडघा निकामी झाल्यावर, गावातल्या मुलांना शिकवू लागलो तेव्हा कळले. पहिली दोन वर्षे मी मैदानाच्या कडेवरून प्रत्येक पासचा हुकूम सोडीत राहिलो. परिणाम असा झाला की पायाशी चेंडू आला की मुले खेळाकडे न पाहता माझ्या तोंडाकडे पाहू लागली. जे पाणी त्यांनी ओळखावयाचे, ते त्यांच्या वतीने मीच ओळखीत होतो.

२०१७ च्याच ऑक्टोबरात नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर सतरा वर्षांखालील विश्वचषकाचा स्पेन आणि माली यांच्यातला उपान्त्य सामना झाला. मी मुलांना घेऊन गेलो आणि त्यांना बजावले, की दहा मिनिटे चेंडू पाहायचा नाही. स्पेनचा मधल्या फळीतला एकच गडी निवडायचा आणि चेंडू येण्यापूर्वी तो किती वेळा मान वळवून मागे पाहतो, ते मोजायचे. त्या दिवसापासून सरावात मी मध्येच शिट्टी वाजवितो, सर्वांना डोळे मिटायला सांगतो आणि विचारतो, "तुझ्या डाव्या हाताला कोण आहे? बोट दाखव." आरंभी बोटे भलतीकडेच जात.

परवा एका सामन्यात आमच्या गावच्या एका मुलाकडे चेंडू येत होता आणि त्याच्या पाठीशी प्रतिस्पर्धी झेपावत होता. हाक माझ्या ओठांवर आली होती. मी ती गिळली. चेंडू पोहोचण्याच्या क्षणभर आधी त्याने मान वळविली, अंग तिरके केले आणि चेंडू मोकळ्या अंगाला वाहू दिला. माझ्याकडे त्याने पाहिलेही नाही.