पाऊण लाख शिपायांचे रणांगण

लंडनला जाऊन आलेला मराठी माणूस ब्रिटिश म्युझियमचे वर्णन करतो, मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांचे करतो, राजवाड्यापुढच्या पहारेबदलाचेही करतो. चेल्सी त्याच्या बोलण्यात क्वचितच येते. ती वाट वाकडी आहे असेही नाही. स्लोन स्क्वेअर स्टेशनवर उतरावे, पायी निघावे, आणि लाल अंगरखा घातलेला एखादा वृद्ध पेन्शनर समोरून येताना दिसला की मुक्काम जवळ आला असे खुशाल समजावे. हे पेन्शनर जिथे राहतात त्या रॉयल हॉस्पिटलच्या शेजारीच नॅशनल आर्मी म्युझियम आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

तिथे तलवारी आहेत, गणवेष आहेत, पदके आहेत. पण आपण त्यांच्यासाठी आलेलो नाही. आपण आलो आहोत ते वॉटर्लूची लढाई पाहायला. १८ जून १८१५ ची संध्याकाळ, सात वाजून गेले आहेत, नेपोलियनचा खासा रक्षकदळ शेवटच्या हल्ल्यासाठी टेकाड चढत आहे, आणि हा सारा प्रकार एकवीस फूट लांब व जवळजवळ वीस फूट रुंद अशा एका प्रतिकृतीत थिजून उभा आहे. शेते, कुंपणे, रस्ते, ला ए सँतची शेतवाडी, हूगोमाँचा वाडा आणि त्यांच्यामधून पसरलेली माणसे. कथील आणि शिसे यांच्या मिश्रणातून ओतलेली ही माणसे उंचीने जेमतेम एक सेंटिमीटर. संख्या मात्र पाऊण लाखाच्या घरात!

हा उद्योग करणाऱ्या गृहस्थाचे नाव विल्यम सिबॉर्न. जन्म १७९७ चा. इंग्रजी सैन्यातला अधिकारी, पण वॉटर्लूच्या दिवशी तो रणांगणावर नव्हता. जमिनीची मोजणी आणि नकाशे हा त्याचा हातखंडा विषय. १८३० साली सरसेनापती लॉर्ड हिल यांनी त्याला वॉटर्लूची प्रतिकृती करायला सांगितले. दुसरा कोणी असता तर चार पुस्तके चाळून, दोन चित्रे पाहून मोकळा झाला असता. सिबॉर्न ला ए सँतच्या त्याच शेतवाडीत जाऊन आठ महिने राहिला, आणि त्याने रणांगणाचा कानाकोपरा मोजून काढला.

पण रणांगण तरी जागेवर कुठे होते? डच राजाने तिथे सिंहाचा पुतळा बसवण्यासाठी चाळीस मीटरांहून उंच मातीचा डोंगर रचून घेतला होता. तो १८२६ साली पुरा झाला, आणि त्यासाठीची माती खणली ती ज्या टेकाडाआड वेलिंग्टनने आपले सैन्य लपवले त्याच टेकाडाची! स्मारकासाठी मूळ जागाच खणून काढायची ही तऱ्हा आपल्याकडेही अनोळखी नाही. सिबॉर्नला प्रतिकृतीत ती खरवडलेली माती परत टाकावी लागली.

जमीन झाली, आता माणसे कुठे उभी करायची? सिबॉर्नने हयात असलेल्या अधिकाऱ्यांना छापील पत्रे धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण कुठे होती, कशा रचनेत होती, समोर शत्रू कोण होता, हे सोबतच्या नकाशावर आखून पाठवा, अशी त्यांत विनंती होती. कोणत्या शेतात कोणते पीक उभे होते याचीही चौकशी त्याने केली. शेकडो उत्तरे आली. लढाईला वीस वर्षे होत आलेली, चहूकडे धूर होता, आणि प्रत्येकाला आपली पलटण तेवढी स्पष्ट आठवत होती. नेपोलियनचे रक्षकदळ कोणी परतवले? गार्ड्स म्हणत आम्ही, बावन्नावी पलटण म्हणे आम्ही. हा वाद आजही मिटलेला नाही. ती पत्रे पुढे त्याच्या मुलाने निवडून १८९१ मध्ये छापली. लढाईच्या पुष्कळशा इतिहासांपेक्षा ती वाचायला अधिक गोड आहेत असे माझे मत आहे.

आता थोडे कारागिरीविषयी. दिवाळीत अंगणात किल्ला केलेल्या प्रत्येकाला एक अडचण ठाऊक असते. बाजारातून आणलेला मावळा महादरवाजापेक्षा उंच निघतो आणि शिवाजीमहाराज सिंहासनावर बसले की बुरूज झाकून जातो. सिबॉर्नपुढे हुबेहूब हीच अडचण होती. त्याच्या प्रतिकृतीत एक मैल जमीन नऊ फुटांत बसवली आहे. त्या मापाने एक सेंटिमीटरचा शिपाई म्हणजे अठरा-एकोणीस फूट उंचीचा राक्षस झाला! मापात बसणारा शिपाई करावा तर तो तांदळाच्या कणीएवढा होऊन लाल कोट आणि निळा कोट यांतला फरकही दिसेना. म्हणून त्याने माणसे मोठी ठेवली आणि संख्या घटवली. साधारण दोन माणसांमागे एक बाहुला. बघणाऱ्याचा डोळा ही लबाडी मुकाट्याने मान्य करतो.

एवढ्या बाहुल्यांना निरनिराळ्या मुद्रा देणे अर्थातच अशक्य. एकदा साचा केला की त्यातून तोच शिपाई हजार वेळा बाहेर पडतो. संग्रहालयात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका इंग्रज गृहस्थांचा छंदच असले शिपाई करण्याचा होता. त्यांनी सांगितले, "कवायतीतला शिपाई कोणीही ओतील. पडणारा शिपाई करून दाखवा!" मग तो कसा करायचा हेही त्यांनी हातवारे करून समजावले. बाहुला बारीक करवतीने कमरेत कापायचा, केसाएवढ्या गिरमिटाने भोक पाडून पितळी तार घालायची, धड हवे तसे कलते करायचे, आणि उरलेली फट दोन द्रव्ये मळून केलेल्या लुकणाने भरायची. ते लुकण घट्ट होण्यापूर्वी सुईने त्यावर कोटाच्या चुण्या कोरायच्या. एका शिपायाला एक संध्याकाळ! सिबॉर्नलाही हा मोह आवरला नाही. १८४४ साली त्याने दुसरी, मोठ्या बाहुल्यांची प्रतिकृती दाखवली. तिच्यात भर दुपारी इंग्रजी घोडदळाने केलेला हल्ला आहे. त्यातल्या स्वारांचे हात आणि शस्त्रे निराळी ओतून जोडलेली आहेत. ती आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे.

पण चेल्सीच्या प्रतिकृतीपाशीच आणखी थोडे थांबू या. पूर्वेच्या कोपऱ्यात प्लान्सन्वा नावाचे गाव आहे. त्या संध्याकाळी तिथे प्रशियन सैन्य फ्रेंचांच्या बगलेत घुसून घनघोर लढत होते. सिबॉर्नने प्रशियन अधिकाऱ्यांकडूनही माहिती मागवली होती आणि तिच्या आधारे हजारो प्रशियन बाहुले तिथे उभे केले होते. आज पाहावे तर ते विरळ दिसतात. याचे कारण खुद्द वेलिंग्टन. हेच ते आर्थर वेलस्ली, ज्यांनी १८०३ साली आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला कैलना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इतके प्रशियन इतक्या पुढे दाखवले तर विजय त्यांचा वाटेल, हे ड्यूकच्या वर्तुळाला खपणारे नव्हते. सरकारी पैसा तर १८३३ सालीच आटला होता. सिबॉर्नने कर्ज काढून, वर्गण्या मागून काम रेटले. खर्च तीन हजार पौंडांच्या आसपास गेला. १८३८ साली पिकॅडिलीतल्या इजिप्शियन हॉलमध्ये एक शिलिंग तिकीट लावून प्रदर्शन झाले. लाखभर लोक येऊन गेले, तरी कर्ज फिटले नाही. शेवटी त्याने माघार घेतली आणि हजारो प्रशियन बाहुले उचलले.

दडपणाने उचलले की नव्या पुराव्याने मत बदलले म्हणून, यावर इतिहासकार भांडतात. पीटर हॉफश्रोअर यांनी २००४ साली यावर एक सबंध पुस्तकच लिहिले आणि सारा दोष ड्यूकच्या माथी मारला. मला त्यातला सूर थोडा चढा वाटतो. पण पत्रव्यवहार पाहिला की सिबॉर्नने हे राजीखुशीने केले असे म्हणवत नाही.

परतताना किंग्ज रोडने यावे. खांबांची एक भव्य इमारत लागते. आता तिथे साची गॅलरी हे चित्रांचे दालन आहे, शेजारी दुकाने आहेत. पूर्वी ती सैनिकांच्या मुलांची शाळा होती. सिबॉर्नने शेवटची वर्षे तिथे चिटणिसाची नोकरी केली. १८४९ साली तो वारला, आणि पुढे दोन वर्षांनी वर्गणी जमवून त्याची मोठी प्रतिकृती विकत घेण्यात आली.